काही निघालं तर?

“मॅडम, तपासण्या केल्या की काहीतरी निघतंच. मला काही त्रास नाही, मग कशाला उकरून काढायचं?” पंचेचाळिशी ओलांडलेल्या त्या बाई झोप लागत नाही म्हणून माझ्याकडे आल्या होत्या. बोलता बोलता कळलं, मोठ्या बहिणीला स्तनाचा कॅन्सर झाला होता आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली मॅमोग्राफीची चिठ्ठी कित्येक महिने यांच्या पर्समध्ये पडून होती.

ही भीती मी अनेकींकडून ऐकते. ‘घाबरू नका’ म्हटल्याने ती जात नाही. मी विचारलं, “समजा निघालंच काही, तर डोळ्यांपुढे काय येतं?” त्यांना थेट बहिणीची केमोथेरपी दिसत होती. चिठ्ठी आणि केमो यांच्या मधलं काहीच ठाऊक नव्हतं. आम्ही त्या मधल्याबद्दलच बोललो.

मॅमोग्राफीत स्तन दोन पट्ट्यांमध्ये काही सेकंद दाबून एक्स-रे काढतात. थोडं दुखतं, पाळीनंतरच्या आठवड्यात कमी. आणखी तपासणीसाठी पुन्हा बोलावलं तरी बहुतेकींना कॅन्सर नसतो. गर्भाशयमुखाच्या तपासणीबद्दल ऐकून तर त्या चकितच झाल्या. हा कॅन्सर ज्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूचा संसर्ग टिकून राहिला तरी त्याचा कॅन्सर व्हायला सहसा १५ ते २० वर्षं लागतात. त्याआधी बदललेल्या पेशी सापडल्या, तर छोट्याशा उपचाराने त्या काढता येतात आणि कॅन्सर टळतो.

“म्हणजे वेळेवर निघालेलं बरंच की,” त्या स्वतःशीच म्हणाल्या.

वयाचं म्हणाल, तर रक्तदाब विशीपासूनच बघत राहावा. जागतिक आरोग्य संघटना तिशीपासून दर ५ ते १० वर्षांनी एचपीव्ही तपासणी सुचवते. एचपीव्हीची लस घेतली असली तरी ही तपासणी चुकवू नये. मॅमोग्राफी चाळिशी-पन्नाशीपासून साधारण दोन वर्षांनी एकदा. देशागणिक यात फरक आहे. आई किंवा बहिणीला कॅन्सर झाला असेल, तर कधीपासून आणि किती वेळा, हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं. गरोदरपणात साखर वाढली होती, त्यांनी ती पुढेही नियमित तपासावी. बाळंतपणानंतर हे हमखास विसरलं जातं. पासष्टीच्या सुमारास हाडांची घनता. आणि हाताला गाठ लागली किंवा पाळी गेल्यावर रक्तस्राव झाला, तर वयाचा हिशेब करत बसू नये, लगेच दाखवावं.

सोबत कोण येईल, असं विचारल्यावर त्या गप्प झाल्या. बहिणीच्या जखमेवरची खपली निघेल म्हणून त्यांनी तिला चिठ्ठीबद्दल सांगितलंच नव्हतं. शेवटी सांगितलं, तर ताईनेच स्वतः अपॉइंटमेंट घेतली.

त्यांना पुन्हा बोलावलं गेलंच. सोनोग्राफीत पाण्याची साधी गाठ निघाली, उपचाराची गरज नव्हती. रक्तदाब मात्र चांगलाच वाढलेला होता, ज्याचा विचारही त्यांच्या मनात नव्हता. त्याच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत आणि गर्भाशयमुखाची तपासणी पुढच्या पाळीनंतर करायची त्यांनीच ठरवली आहे.