सात माणसांसाठी मॅन्युअल गिअरची मोठी गाडी अजून मिळते का?

तुम्ही लिहिलंय की कोथरूडला राहता, घरात आई-बाबा धरून सात माणसं, गाव महाडकडे, आणि ताम्हिणीतून सारखं जाणं-येणं असतं. गाडी मोठी हवी पण गिअरचीच हवी, आणि शोरूममध्ये पाऊल टाकलं की ऑटोमॅटिकच पुढे करतात.

मॅन्युअल मिळते, आणि चांगली मिळते. घरची सगळी माणसं घेऊन घाटात जाणारी गाडी मीच चालवते, त्यामुळे तुमची ओढ मला नीट समजते. फक्त एक गोष्ट आधी लक्षात घ्या. एकाच नावाच्या गाडीत एका इंजिनला मॅन्युअल असतो, दुसऱ्याला नसतो. खालच्या मॉडेलला असतो, टॉप मॉडेलला काढून टाकलेला असतो. म्हणून 'ही गाडी मॅन्युअलमध्ये येते का' एवढंच विचारून भागत नाही. कुठलं इंजिन, कुठलं मॉडेल, हे जोडीने विचारा.

काही गाड्या आधीच यादीतून काढून टाका. इनोव्हा हायक्रॉस, तिचीच जुळी बहीण असलेली मारुतीची इन्व्हिक्टो आणि किआची कार्निव्हल या ऑटोमॅटिकच आहेत. हायक्रॉसच्या हायब्रिडमध्ये इंजिन आणि मोटर यांनी किती जोर लावायचा याचं वाटप कॉम्प्युटर क्षणोक्षणी करत असतो. तिथे माणसाने हाताने टाकायच्या गिअरला जागाच उरत नाही. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्या वाढतील तसा मॅन्युअल कमी होणार, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता महत्त्वाचं. मोठ्या गाडीत मॅन्युअल घेताना इंजिनचा जोर किती यापेक्षा तो किती आरपीएमला, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला किती फेऱ्यांना मिळतो ते बघा. अर्टिगाचं दीड लिटर पेट्रोल इंजिन साधारण १३७ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर देतं, तेही ४,४०० आरपीएमच्या आसपास. इनोव्हा क्रिस्टाचं २.४ लिटर डिझेल मॅन्युअलमध्ये ३४३ न्यूटन-मीटर देतं आणि १,४०० पासूनच द्यायला लागतं. कागदावरचा हा फरक घाटात तुमच्या डाव्या पायाला कळतो. सात माणसं, बॅगा, आंब्याच्या पेट्या, आणि चढाच्या वळणावर समोरून एसटी आली की थांबायचं. तिथून पुन्हा गाडी उचलताना पेट्रोलला पहिल्यात रेस द्यावी लागते, हाफ क्लचवर धरावी लागते आणि क्लच जळाल्याचा वास येतो. डिझेल निवांत निघतं. अर्टिगा वाईट नाही हं. शहरातल्या वापराला, कमी खर्चाला ती उत्तमच, आणि तिचा क्लच लोण्यासारखा हलका असतो. पण भरलेल्या गाडीने घाट हे तुमचं नेहमीचं काम असेल, तर ती माझी पहिली निवड नाही.

माझी पहिली निवड क्रिस्टा. २०२३ मध्ये ती परत आली ती फक्त डिझेलमध्ये आणि फक्त पाच गिअरच्या मॅन्युअलमध्ये, म्हणजे तुम्हाला हवी तशीच. तिची मागची चाकं ओढतात. गाडी भरली की वजन मागे येतं आणि चढावर तीच चाकं रस्ता घट्ट धरतात. पावसाळ्यात ओल्या चढावर हे फार जाणवतं. आणि तिसऱ्या रांगेत मोठं माणूस खरोखर बसू शकतं. आई-बाबांना मात्र मधल्या रांगेतच बसवा.

बजेट तेवढं नसेल तर किआ कॅरेन्सचं डिझेल मॅन्युअलमध्ये बघा. २५० न्यूटन-मीटर तेही १,५०० पासून, आणि गाडी शहरात आटोपशीर वाटते. टाटा सफारी आपल्या पिंपरी-चिंचवडची, तिचं दोन लिटर डिझेल इंजिन रांजणगावला बनतं, ३५० न्यूटन-मीटर, सहा गिअर. हायवेला फार स्थिर. स्कॉर्पिओ-एन चाकणची. तिचा मॅन्युअल मला आवडतो, पण तिसरी रांग उघडल्यावर डिकीत जवळजवळ काहीच मावत नाही. सात माणसं आणि सामान दोन्ही असेल तर टपावर कॅरिअर लागेल.

डिझेलचं एक पथ्य मात्र आहे. बीएस-६ या धुराच्या नियमांत बसणाऱ्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगात पळावी लागते. रोज फक्त कोथरूड ते डेक्कन असंच चालवणार असाल तर तो चोंदतो. अधूनमधून सातारा रोडला मोकळी पळवून आणा.

टेस्ट ड्राइव्हला बहुतेक शोरूममध्ये ऑटोमॅटिकच उभी असते आणि 'इंजिन तेच आहे, चालवून बघा' म्हणतात. ऐकू नका. क्लच किती जड आहे, कुठे पकडतो, हे त्यात कळणारच नाही. पुण्यात मॅन्युअल दाखवत नसतील तर सातारा, बारामतीकडच्या शोरूमना फोन करा. तिकडे मॅन्युअल जास्त खपते असा माझा अनुभव आहे. गाडी मिळाली की घरची मंडळी भरा आणि चांदणी चौकातून पिरंगुटच्या घाटापर्यंत जाऊन या. जागा बघून चढावर थांबवा आणि पुन्हा उचला. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये पाय ब्रेकवरून काढून बघा, इंजिन गाडीला किती रोखून धरतं ते. ताम्हिणी उतरताना ब्रेक तापू नयेत म्हणून याचाच आधार असतो. घाटात न्यूट्रल कधीच नको.

जुनी घेणार असाल तर २०१६ नंतरच्या क्रिस्टा बाजारात भरपूर आहेत. आरसी बुक नीट वाचा, बऱ्याच आधी टुरिस्टला चाललेल्या असतात. क्लच बघायला चढावर चौथ्या गिअरमध्ये जोरात ॲक्सिलरेटर द्या. आरपीएमचा काटा वर पळाला आणि गाडीचा वेग वाढलाच नाही, तर क्लच प्लेट घासली आहे. किंमत ठरवताना तो खर्च वजा करून घ्या.

आणि नवी बुक करताना पावतीवर इंजिन, मॉडेल आणि 'मॅन्युअल' हे तिन्ही शब्द लिहून घ्या. डिलिव्हरीला उशीर झाला की 'ऑटोमॅटिक लगेच मिळतेय, घेता का' असा फोन हमखास येतो.