सोलापूरच्या उन्हात ऑटोमॅटिक फोर बाय फोरला वेगळा ट्रान्समिशन कूलर (गिअरबॉक्सचं तेल थंड करणारा) लावावा का?

गाडी काळ्या रानात घालत असाल तर लावाच. चाकं रुतली आणि ॲक्सिलरेटर दाबत राहिलात, की टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात, तेल नुसतं घुसळून तापतं. रेडिएटरमधला मूळ कूलर तेलाला कूलंटपेक्षा थंड करूच शकत नाही. म्हणून प्लेटवाला कूलर परतीच्या नळीवर, म्हणजे तेल रेडिएटरमधून बाहेर पडल्यावर, जोडा. मे महिन्यात इथे पारा 40 अंशांपुढे जातो, रानात गाडी रांगते, वारा लागत नाही. तेव्हा इलेक्ट्रिक पंखा हवाच. रेडिएटरच्या जाळीत प्लास्टिकचे टाय ओवून कूलर लटकवू देऊ नका, खडबडीत रस्त्यावर ते घासून गळती लागते. लोखंडी पट्टीचं ब्रॅकेट करून घ्या. नळीही ट्रान्समिशन ऑइलला चालणारीच, पेट्रोलची नको. नंतर तेलाची पातळी तपासा; काळपट, करपट वासाचं असेल तर आधी बदला.