अ‍ॅम्प्लिफायर जरूर घ्या, पण हप्त्यांवर नको

प्रश्न : मी फ्रीलान्स संपादनाचं काम करतो. दिवसभर लॅपटॉपसमोर असतो आणि सोबत गाणी सुरू असतात. मामांनी त्यांचे बुकशेल्फ स्पीकर मला दिले आहेत. ते ८ ओहमचे आहेत, सेन्सिटिव्हिटी ८६ डेसिबल. टेबलावरच ठेवणार आहे. अ‍ॅम्प्लिफायर मात्र नाही. छोटा क्लास-डी (कमी वीज खाणाऱ्या जातीचा) अ‍ॅम्प माझ्या एका महिन्याच्या बचतीच्या निम्म्यात येतो. ओळखीतल्या एकाचा जुना, जड इंटिग्रेटेड अ‍ॅम्प महिनाभराच्या बचतीत मिळतोय. तिसरा नवा, १०० वॅटचा, आत डॅक (डिजिटल गाण्याचं अ‍ॅनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणारा भाग), ब्लूटूथ, वाय-फाय सगळं आहे. त्याला साडेतीन महिन्यांची बचत लागेल, पण १२ बिनव्याजी हप्ते आहेत. माझ्याकडे दोन महिन्यांचा खर्च भागेल एवढी शिल्लक आहे आणि दर महिन्याला खर्चाच्या एक पंचमांश रक्कम मागे पडते. एकदाच घ्यायचं तर चांगलंच घ्यावं, असं वाटतं. तुमचं मत?

उत्तर : आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. गाण्यांवर होणारा खर्च मी चैन समजत नाही. जो माणूस रोज आठ-दहा तास एकटा बसून काम करतो, त्याच्या खोलीत चांगला आवाज असणं ही साधी, योग्य गरज आहे. त्यामुळे ‘घ्यावं की नाही’ हा प्रश्नच नाही. घ्याच. प्रश्न आहे तो जादा पैशांतून तुम्हाला जादा काय ऐकू येणार, एवढाच.

तो हिशेब तुम्ही दिलेल्या आकड्यांवरच मांडता येतो. ८६ डेसिबल सेन्सिटिव्हिटी म्हणजे या स्पीकरला १ वॅट दिला, तर एक मीटरवर ८६ डेसिबल आवाज येतो. तुम्ही टेबलाशी, साधारण एक मीटरवरच बसणार. काम करताना माणूस ७५ डेसिबलच्या आसपास ऐकतो, आणि त्याला एका वॅटचा दहावा हिस्साही लागत नाही. तबल्याची जोरकस थाप किंवा वाद्यवृंदाचा एकदम चढणारा आवाज सरासरीपेक्षा २० डेसिबल वर गेला, असं धरू. तरी क्षणभर ८ वॅट पुरतात. हा हिशेब एका स्पीकरचा. दोन्ही वाजत असताना प्रत्येकाला तेवढेही लागणार नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तासांपर्यंत ऐकणं सुरक्षित आहे, त्याहून मोठा असेल तर तास कमी करायचे. तुमचे ऐकण्याचे तास पाहता, आवाज वाढवण्यासाठी वॅट विकत घेण्यात कानांचंही भलं नाही.

वॅट आणि आवाज यांचं नातं सरळ नाही. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात. २५ वॅटच्या जागी १०० वॅट घेतले तर ६ डेसिबल मिळतात, आणि तेही अ‍ॅम्प शेवटपर्यंत पिळला तर. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. तिसऱ्या पर्यायाच्या किमतीचा मोठा भाग अशा ताकदीसाठी आहे, जी तुमच्या टेबलावर कधी वापरलीच जाणार नाही.

छोट्या अ‍ॅम्पच्या खोक्यावरही मोठे आकडे असतात, त्यांनाही भुलू नका. खरी मर्यादा त्याच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये असते. या जातीच्या बहुतेक अ‍ॅम्पमध्ये स्पीकरची दोन्ही टोकं अ‍ॅम्पच चालवतो. तिथे व्होल्टचा वर्ग करून त्याला ओहमच्या दुपटीने भागा. २४ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर आणि ८ ओहमचा स्पीकर असेल तर ५७६ भागिले १६, म्हणजे ३६ वॅट. आवाज न फाटता एका बाजूला जास्तीत जास्त एवढंच मिळणार, वर १०० लिहिलेलं असलं तरी. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए३११६ ही चिप अशा अनेक अ‍ॅम्पमध्ये असते. तिच्या कागदपत्रात ५० वॅटचा आकडा आहे, पण तो ४ ओहमवर आणि १० टक्के डिस्टॉर्शनला, म्हणजे आवाज तेवढा फाटलेला असताना. एवढं डिस्टॉर्शन कानाला सरळसरळ खुपतं. ही आकड्यांची फुगवाफुगवी जुनीच आहे. अमेरिकेत तर १९७४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनला घरगुती अ‍ॅम्पच्या वॅटच्या जाहिरातींसाठी वेगळा नियमच करावा लागला. तुमच्या कामाला ३६ वॅट भरपूर आहेत.

आता हप्ते. ‘बिनव्याजी’ असल्याची खात्री करायची तर एकच विचारा : आज पूर्ण पैसे रोख दिले तर किंमत किती? समजा रोखीत सूट मिळते, हप्त्यांवर ती जाते, वर प्रोसेसिंग फी लागते, आणि दोन्ही मिळून छापील किमतीच्या ८ टक्के होतात. हे ८ टक्के वर्षाचं व्याज नव्हे. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता, त्यामुळे वर्षभरातली सरासरी थकबाकी किमतीच्या निम्मीच असते. प्रत्यक्षात हे कर्ज वर्षाला १५ टक्क्यांहून महाग पडतं. फी शून्य आणि रोखीची किंमतही तीच असेल, तर मात्र ते खरोखर बिनव्याजी आहे. तरीही माझा सल्ला बदलत नाही, आणि त्याचं कारण व्याज नाही.

कारण आहे तुमचं उत्पन्न. फ्रीलान्सरला निदान सहा महिन्यांच्या खर्चाचा आपत्कालीन निधी हवा. तुमच्याकडे दोन महिन्यांचा आहे. उरलेले चार महिने सध्याच्या बचतीने जमवायला २० महिने लागतील. मोठा अ‍ॅम्प घेतलात तर ते साडेतेवीस महिने होतील, छोटा घेतलात तर पंधरा दिवस वाढतील. शिवाय हप्ता म्हणजे वर्षभर तुमच्या बचतीतले जवळपास ३० टक्के बांधले गेले. एखादा ग्राहक पैसे थकवतो, एखादा महिना कोरडा जातो, आणि त्या महिन्यात हप्ता थांबत नाही. ज्याच्या खात्यात ठरल्या तारखेला पगार येतो, त्याला मी इतकं ठामपणे अडवलं नसतं.

‘एकदाच घ्यावं, चांगलं घ्यावं’ हे मला पटतं, फक्त ते स्पीकरला लागू पडतं. खोलीतल्या आवाजाचा पोत मुख्यतः स्पीकर आणि त्यांची मांडणी ठरवतात, आणि स्पीकर तुम्हाला मिळालेच आहेत. सगळं एकत्र असलेल्या अ‍ॅम्पमध्ये आधी म्हातारा होतो तो वाय-फाय आणि अ‍ॅपचा भाग. कंपनीने अपडेट बंद केले की चांगल्या चालणाऱ्या अ‍ॅम्पचं अर्धं मोल जातं. संगणक तुमच्याकडे आहेच, गाणी तोच वाजवणार. मग ती सोय दुसऱ्यांदा का विकत घ्यायची?

जुन्या अ‍ॅम्पचा मोह मी समजू शकतो. त्यातले काही खरोखर उत्तम असतात. पण घेण्याआधी व्हॉल्यूमची खुंटी फिरवून खरखर येते का, दोन्ही बाजू सारख्या वाजतात का ते ऐका. गाणं बंद ठेवून, स्पीकर न जोडता, अ‍ॅम्पच्या मागे स्पीकर जोडायची जी टोकं असतात त्यांवर मल्टिमीटरने डीसी व्होल्टेज मोजा. ते १०० मिलिव्होल्टच्या वर असेल तर सोडून द्या. तो दोष स्पीकरपर्यंत पोचतो. कपॅसिटर वाळले असतील तर दुरुस्तीचा खर्च वेगळा. शिवाय असे अ‍ॅम्प नुसते चालू असतानाही वीज ओढतात. ३० वॅट धरले आणि तो रोज १० तास चालू राहिला, तर वर्षाला सुमारे ११० युनिट होतात. छोट्या क्लास-डीला याचा थोडाच हिस्सा लागतो. तुमच्यासारख्या दिवसभर ऐकणाऱ्याला हा फरक दरवर्षी भरावा लागेल.

तेव्हा छोटा अ‍ॅम्प, रोखीने. बजेटमध्ये स्पीकरची वायर आणि लॅपटॉपच्या ३.५ मिलिमीटर जॅकपासून अ‍ॅम्पच्या आरसीए (गोल, लाल-पांढऱ्या) सॉकेटपर्यंतची केबल धरा. दोन्ही साध्या, तांब्याच्या चालतील. अ‍ॅडॉप्टर वेगळा असणारं मॉडेल बघा. तो बिघडला तर तेवढेच व्होल्ट, तीच पोलॅरिटी आणि तेवढेच किंवा जास्त अँपिअर असलेला दुसरा लावता येतो. एक उणीव आधीच सांगतो : स्वस्त क्लास-डीमध्ये कोणता स्पीकर जोडला आहे त्यानुसार अगदी वरच्या सुरांत थोडा चढ-उतार होतो. बहुतेकांना तो जाणवत नाही.

वेगळा डॅक आज घेऊ नका. आधी लॅपटॉपच्या जॅकवरून आठवडाभर ऐका. माऊस हलवताना किर्र आवाज आला किंवा गाण्यातल्या शांत जागी ‘स्स्स’ असा आवाज ऐकू आला, तरच छोटा यूएसबी डॅक घ्या. सतत गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. गुणगुण थांबली तर दोष अ‍ॅम्पचा नाही, अर्थिंगच्या वाटेने येणारा आहे. तेव्हा अ‍ॅम्प आणि चार्जर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून बघा. तेवढ्याने भागलं नाही तर ऑडिओ केबलच्या मध्ये बसणारा ग्राउंड लूप आयसोलेटर (अर्थिंगची ही वाट तोडणारी छोटी डबी) लागेल. पण नवा अ‍ॅम्प नक्कीच लागणार नाही.

माझं मत कधी बदलेल तेही सांगतो. टेबल सोडून मोठ्या खोलीत तीन-चार मीटरवरून ऐकायचं ठरलं, किंवा ४ ओहमचे, ८२-८३ डेसिबलचे स्पीकर घेतलेत, तर जास्त ताकदीचा अ‍ॅम्प योग्यच ठरेल. पण तोवर आपत्कालीन निधी पूर्ण झालेला असू द्या. निधी भरला की महिन्याच्या बचतीतला दहावा हिस्सा ‘आवाज’ या नावाच्या वेगळ्या खात्यात टाकत जा.

या आठवड्यात करायचं काम एवढंच : माल परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे ते विक्रेत्याला लेखी विचारा, आणि अ‍ॅम्प हातात आल्या दिवसापासून ती मुदत संपेपर्यंत रोज तुमच्या नेहमीच्या आवाजात ऐका.