कर्नल रडतो तो सिनेमा

प्रश्न : पंचवीसएक वर्षांपूर्वी फिल्म सोसायटीत एक कृष्णधवल युद्धपट पाहिला होता. जपानी छावणीत एक गोरी बाई आणि तिचं लहान पोर. शेवटी छावणीचा अधिकारी पोरांना खाऊ घालतो आणि रडू लागतो. सिनेमा कोणता? तो अधिकारी खरा होता का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : 'थ्री केम होम', १९५०. ॲग्नेस कीथ या अमेरिकन लेखिकेच्या आठवणींवरचा. नवरा हॅरी उत्तर बोर्निओत ब्रिटिशांच्या जंगलखात्यात. सांडाकान जपान्यांच्या हाती गेलं आणि हे कुटुंब आधी बेरहाला बेटावर, मग कुचिंगच्या छावणीत गेलं. बायका-पोरं एका कुंपणात, पुरुष दुसऱ्या. सुटका थेट सप्टेंबर १९४५ मध्ये, ऑस्ट्रेलियन फौज आली तेव्हा.

तो अधिकारी, कर्नल सुगा, खराच. अमेरिकेत शिकलेला, इंग्रजी वाचणारा. सिनेमात त्याची बायको-मुलं हिरोशिमात मारली जातात, म्हणून ते रडणं. सेस्यू हायाकावा या नटानं ते असं केलंय की आपलाही घसा दाटतो. मला मात्र त्याची पुरती दया येत नाही. त्याच्याच ताब्यातल्या छावणीत शेकडो कैदी उपासमारीनं आणि आजारानं गेले. पराभवानंतर कैदेत असताना त्यानं लाबुआनला आत्महत्या केली, हे सिनेमात नाही.

माझ्या डोक्यात बसलाय तो कागद. रात्री दोरीवरचे कपडे काढायला गेलेल्या ॲग्नेसवर पहारेकरी हात टाकतो, ती तक्रार करते. मग तिच्यापुढे कागद येतो : तक्रार खोटी होती, सही करा. सही केली तर खोट्या आरोपाबद्दल मरण, नाही केली तर मार. ॲग्नेस झालेली क्लोदेत कोल्बेर त्या खुर्चीत बसते तेव्हा तोंडावर रंगरंगोटीचा मागमूस नसतो. (याच चित्रीकरणात तिची पाठ दुखावली आणि 'ऑल अबाउट ईव्ह'मधली भूमिका हातची गेली. ती बेट डेव्हिसला मिळाली.)

खऱ्या ॲग्नेसनं छावणीत चिटोऱ्यांवर टिपणं लिहिली आणि पोराच्या खेळण्यांत लपवली. दुसऱ्यांदा सिनेमा पाहिला तेव्हा माझा मुलगा चार वर्षांचा होता. मध्येच उठून मी स्वयंपाकघरात गेले आणि तांदळाचा डबा उघडून पाहिला. भरलेला होता, तरी पाहिला.

अमेरिकेत त्याचा कॉपीराइट संपलाय, त्यामुळे इंटरनेटवर फुकट सापडेल. कुबड्यांवर चढ चढत येणारा हॅरी दिसेपर्यंत उठू नका.