अपंग, दिव्यांग आणि तुकोबांचा 'आपंगिता'

मालवणकडच्या एका वाचकाने विचारलंय की ग्रामपंचायतीला रॅम्प होतोय, त्याच्या बोर्डावर अपंग लिहू, विकलांग की दिव्यांग, आणि गावात सर्रास 'लंगडो', 'थोटो' म्हणतात ते चालतं का.

विकलांगची फोड शाळकरी पोर पण करेल, सोडा. दिव्यांग डिसेंबर 2015 मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मधून सुचवला आणि सरकारी कागदावर चढला. बऱ्याच अपंग संघटनांना तो तेव्हाही पटला नव्हता, मलाही नाही.

आता अपंग. 'अ अधिक पंगू' असं छातीठोक सांगणारे मास्तर अजून भेटतात. अहो, मग अपंग म्हणजे पंगू नसलेला, म्हणजे धडधाकट झाला की! तो अप अधिक अंग आहे. गंमत म्हणजे त्याच फोडीचा संस्कृत कवींचा 'अपांग' म्हणजे डोळ्याचा कोपरा, जिथून नायिका तिरका कटाक्ष टाकते.

पण माझं डोकं फिरतं ते 3 डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक अपंग दिनाच्या भाषणांत. तुकोबांचं 'ज्यासी आपंगिता नाही, त्यासी धरी जो हृदयी' म्हणायचं आणि आपंगिताचा अर्थ अपंगत्व लावायचा! म्हणजे ज्याला अपंगत्व नाही त्याला साधू हृदयाशी धरतो?? पुष्कळ ठिकाणी 'अपंगिता' असं छापलेलं असतं, त्याने घोळ आणखी वाढतो. आपंगिणे म्हणजे आपलंसं करणं, सांभाळणं, आणि आपंगिता म्हणजे तसं करणारा, जसा रचयिता. माझं मत, त्यात 'आप' आणि 'अंग' आहेत, आपल्या अंगाशी घेणं, म्हणून तर पुढच्याच चरणात हृदयाशी धरणं येतं. कोशवाले काय म्हणायचं ते म्हणोत, मी हे सोडणार नाही. तुकोबांनी उणीव मोजली ती माणसाला जवळ घेणारं कोण आहे त्यावरून, हातपाय मोजून नव्हे.

कायदा तरी काय करतो? 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 झाले, थॅलेसेमिया, ॲसिडहल्ला, पार्किन्सन सगळं आलं, माणसं तीच होती. आणि आपल्याकडे तर एका पायाने अधू माणूस बंदरावर दिवसभर जाळी शिवतो तेव्हा तो नुसता जाळी शिवणारा असतो, सपाट अंगणातही त्याचं काही अडत नाही, पण जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढून देवळात जायचं झालं किंवा एसटीची ती उंच पायरी आली की लगेच अपंग. तोंडावर 'लंगडो' म्हणणं वाईटच, पण हाक मारणाऱ्याचा सूर बघा, तेच गाववाले त्याला पालखीच्या वेळी उचलून वर नेतात की लग्नाच्या यादीतून गाळतात तेही बघा.

हां, बोर्ड. सर्टिफिकेटवर दिव्यांग छापलेलं असतं, तेव्हा फॉर्मवर तेच लिहा. बोर्डावर नुसतं 'रॅम्प' लिहून बाण काढा, आज्या, बाबागाड्या आणि गॅसचा सिलेंडर सगळे तिथूनच जाणार आहेत.