मोकळी शाळा, अभ्यासिका आणि बजेटचं हेड

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. गल्लीत महापालिकेची तेलुगू माध्यमाची शाळा होती, पोरं कमी होत होत शेवटी दुसऱ्या शाळेत घातली आणि आता बिल्डिंगला कुलूप. इथं घरोघरी माग, दिवसभर खटखट, पोलीस भरती नि एमपीएस्सीवाली पोरं अभ्यासाला पार लांब जातात. आम्ही म्हणतो अभ्यासिका करा, काही जण म्हणतात हॉल करून भाड्यानं द्या, पालिकेला दोन पैसे मिळतील. नगरसेवक म्हणतात बजेटमध्ये हेडच नाही. हे हेड टाकतं कोण, सांगा की ओ.

उत्तर : नगरसेवक खोटं बोलत नाहीत. हेड म्हणजे लेखाशीर्ष, खर्चाचा खण म्हणा. खण नसेल तर पैसा असूनही टाकायचा कुठं? आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढं ठेवतात, 16 जणांची ती समिती त्यात भर घालते, मग ते महासभेत जातं. पण तोपर्यंत उशीर झालेला असतो हो. खातेप्रमुखांकडून मागण्या साधारण नोव्हेंबर-डिसेंबरातच गोळा होतात, जानेवारीतली गड्ड्याची यात्रा यायच्या आधी, आणि लोक जागे होतात मार्चमध्ये पेपरात आकडे वाचून. म्हणून दिवाळी झाली की अर्ज द्या आणि निदान एक लाखाची टोकन तरतूद मागा. रक्कम गेली खड्ड्यात, खण उघडला पाहिजे, एकदा उघडला की वर्षात मधेच दुसऱ्या हेडमधून पैसे वळवून घेता येतात.

आता अडचण ऐका. महापालिका अधिनियमात कलम 63 मध्ये सक्तीची कामं आहेत, पाणी, गटार, प्राथमिक शाळा वगैरे, आणि वाचनालयासारखी कामं कलम 66 मध्ये, म्हणजे जमलं तर करा. पगार, पेन्शन, उजनीहून पाणी उपसायचं लाईट बिल हे सगळं आधी जातं, कात्री लागते ती 66 वाल्यांना. त्यामुळं अभ्यासिका हे ‘छान काम’ म्हणून मागू नका, बंद इमारतीचा खर्च म्हणून मांडा. कुलूपबंद बिल्डिंग फुकट पडून आहे असं सगळ्यांना वाटतं, तसं नसतं, वॉचमन लागतो, स्लॅब गळतो, खिडक्या जातात आणि पाच वर्षांनी तीच धोकादायक म्हणून पाडायचाही खर्च येतो.

भाड्याचं गणितही पूर्ण करा. समजा हॉलचं वर्षाला 3 लाख भाडं आलं, पण आधी दुरुस्ती, संडास, वायरिंगला 24 लाख घातले, तर आठ वर्षं नुसती मुद्दल फिटण्यात गेली, वर वसुली कुणी करायची हे वेगळंच (गाळ्यांच्या भाड्याचे वाद सोलापूरकरांना मी काय सांगू). अभ्यासिकेला टेबल, पंखे, ट्यूबलाईट, पाणी, दोन माणसं, बास. दोन्ही हिशोब एका कागदावर शेजारी शेजारी मांडून द्या, समितीतला माणूस तेवढंच वाचतो. त्याआधी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी मागा, आणि विकास आराखड्यात जागेवर शाळेचं आरक्षण आहे का ते नगररचना विभागाकडं बघा. असलं तर अभ्यासिका बसवणं सोपं जाईल, मंगल कार्यालयाला मात्र आरक्षण बदलायची, नगररचना कायद्याच्या कलम 37 ची लांबलचक वाट धरावी लागेल. हा मुद्दा हॉलवाल्यांना आधी सांगा, निम्मे गप बसतील.

आणि जुन्या वास्तूला नवं काम देणं आपल्या गावाला नवं नाही. महापालिका बसते ते इंद्रभुवन मुळात आप्पासाहेब वारदांनी राहायला बांधलेलं.

प्रश्न : बजेट शेकडो कोटींचं छापून येतं, मग पैसे नाहीत कसं म्हणतात?

उत्तर : कारण तो अंदाज असतो, गल्ल्यातली रोकड नव्हे. त्यातला मोठा भाग सरकारी योजनांचा, तो ज्या कामाला आला त्यालाच लागतो, पाईपलाईनचे पैसे अभ्यासिकेला नाही वळत. हातातला पैसा आटला तो जकात गेली तेव्हा, मग एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली, तीही 2015 मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी गेली, 2017 ला जीएसटी आल्यापासून सरकारचं भरपाईचं अनुदान येईल त्यावर आणि घरपट्टीवर गाडा. शिवाय स्थायी समितीत आकडा फुगतो, महासभेत अजून फुगतो, उत्पन्न तेवढंच. म्हणून मूळ बजेट बघू नका, मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च बघा, तो रकाना शेजारीच असतो.

प्रश्न : आमचं मंडळ चालवायला तयार आहे, इमारत वर्षाला 1 रुपया भाड्यानं मिळेल का?

उत्तर : अवघड आहे. कलम 79 प्रमाणं पालिकेची मिळकत चालू बाजारभावापेक्षा कमीत देता येत नाही, आणि नियम बरोबर आहे, नाहीतर प्रत्येक मंडळाला एकेक शाळा गेली असती. तुम्ही भाडेपट्टा मागूच नका. इमारत पालिकेच्याच ताब्यात राहू दे, मंडळानं फक्त रोज उघडायचं, झाडायचं, रजिस्टर ठेवायचं असा वर्षाचा करार मागा, आणि किल्ली वॉर्ड ऑफिसात जमा.