तैवानला एकटीने जाताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी ३४ वर्षांची असून फोर्टमधील एका विमा कंपनीत नोकरी करते. दिवाळीनंतर तैवानला एकटीने फिरायला जाण्याचा विचार आहे. आईचा विरोध नाही. पण ‘भाषा येत नाही, ओळखीचे कोणी नाही, रात्री-अपरात्री काही झाले तर काय करशील?’ या तिच्या प्रश्नावर मला नीट उत्तर देता येत नाही. हे बेट एकट्या स्त्रीसाठी सुरक्षित आहे का, आणि तयारी नेमकी कशाची करावी? — एक वाचक, दादर

उत्तर : तुमच्या आईंना वाटणारी भीती मुख्यतः माणसांची आहे. माझ्या मते तैवानमध्ये एकट्या प्रवासिनीने आधी विचार करावा तो समुद्राचा, डोंगरांचा, भूकंपाचा आणि रस्त्यावरील वाहनांचा, आणि त्यानंतर माणसांचा.

माणसांविषयी आधी सांगते. तैपेईची मेट्रो १९९६ पासून धावते आणि तिच्या फलाटांवर रात्री स्त्रियांनी थांबावे म्हणून कॅमेऱ्यांच्या नजरेतील जागा आखून दिलेली असते. रात्रभर उघडी राहणारी छोटी दुकाने शहरांत जवळजवळ प्रत्येक नाक्यावर असल्यामुळे रस्ता चुकल्यास निर्जन गल्लीत नकाशा पाहत उभे राहण्यापेक्षा अशा दुकानात शिरून विचारावे. तरीही तेथे स्त्रियांना त्रास होतच नाही, असे समजू नये. पाठलाग करून छळण्याविरुद्धचा कायदा तेथे जून २०२२ मध्ये लागू झाला आणि २०२३ मध्ये राजकारणापासून चित्रपटसृष्टीपर्यंतच्या अनेक स्त्रियांनी लैंगिक छळाचे अनुभव जाहीरपणे मांडले. पोलिसांसाठी ११०, रुग्णवाहिका व अग्निशमन दलासाठी ११९ आणि छळ किंवा हिंसाचार झाल्यास ११३ हे क्रमांक फोनमध्ये आणि कागदावरही लिहून ठेवा. मुक्कामासाठी नोंदणीकृत हॉटेल किंवा नोंदणीचा फलक लावलेले घरगुती निवासस्थानच निवडा. निवासी इमारतींतील सदनिका थोड्या दिवसांसाठी भाड्याने देण्याचे व्यवहार तेथे बहुतांशी बेकायदा असतात आणि अडचण आल्यास दाद मागणे अवघड जाते.

आता निसर्गाकडे वळू, कारण मुंबईकर स्त्रीला गर्दी ओळखण्याची सवय असते, भूकंपाची नसते. ३ एप्रिल २०२४ रोजी पूर्व किनाऱ्यावरील हुआलिएनजवळ मोठा भूकंप झाला आणि तारोकोच्या प्रसिद्ध घळीत दरडी कोसळून तेथील बहुतेक वाटा दीर्घकाळ बंद ठेवाव्या लागल्या. त्यामुळे तारोकोचा बेत जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबून न आखता, कोणती वाट खुली आहे हे राष्ट्रीय उद्यानाच्या अधिकृत सूचनांवरून निघण्याच्या आदल्या दिवशी पाहा. जमीन हलू लागली तर जिन्याकडे किंवा लिफ्टकडे धावू नका. मजबूत टेबलाखाली बसून डोके झाका आणि हादरे थांबल्यावर बाहेर पडा. विमानतळावरच स्थानिक सिमकार्ड घ्या, म्हणजे सरकारी धोक्याच्या सूचना फोनवर येतील.

वादळांचा मुख्य काळ जुलै ते सप्टेंबर असल्याने तुम्ही निवडलेला मोसम चांगला आहे. तरी ऑक्टोबरात एखादे वादळ येऊ शकते, म्हणून परतीच्या विमानाच्या आधीचा दिवस मोकळा ठेवा. हुआलिएनचा चिशिंगतान किनारा मनात भरतो. पण तेथील गोट्यांचा उतार एकदम खोल जातो, लाटा माणसाला ओढून नेतात आणि पोहण्यास मनाई आहे. जुहूच्या पाण्यात घोट्यापर्यंत उभे राहण्याची सवय तेथे नेऊ नका. पाण्यापासून दूर बसूनच तो समुद्र पाहा. डोंगरांत एकटीने जायचे असल्यास लहान, वर्दळीची वाट निवडा आणि परतण्याची वेळ निवासस्थानी सांगून निघा. ३,९५२ मीटर उंचीच्या युशानसाठी तर आधी परवाना काढावा लागतो.

रस्ता ओलांडताना विशेष जपा. तेथे वाहने उजव्या बाजूने चालतात, म्हणजे आपण सवयीने उजवीकडे पाहत असताना गाडी डावीकडून येते. शिवाय स्कूटरींची संख्या प्रचंड आहे आणि अनेक गल्ल्यांना पदपथ नाहीत. भाड्याच्या स्कूटरवरून पूर्व किनारा एकटीने पाहण्याचा मोह मी तरी टाळायला सांगेन. पश्चिमेला २००७ पासून अतिजलद रेल्वे आहे, पूर्वेला साधी पण चांगली रेल्वे आहे. हुआलिएनचे तिकीट मात्र आधी काढा.

भारताचे तैवानशी औपचारिक राजनैतिक संबंध नसल्याने तेथे आपला दूतावास नाही. ते काम तैपेईतील ‘इंडिया-तैपेई असोसिएशन’ पाहते. पारपत्र हरवल्यास तेथेच जावे लागेल, म्हणून त्यांचा पत्ता जवळ ठेवा. व्हिसाच्या चौकशीसाठी ‘तैपेई इकॉनॉमिक अँड कल्चरल सेंटर’चे कार्यालय २०२४ पासून मुंबईतही आहे. आईंकडे मुक्कामांची यादी, विम्याची प्रत आणि रोज फोन करण्याची ठरलेली वेळ देऊन जा. ती वेळ चुकल्यास त्यांनी आधी कोणाला फोन करायचा, हेही त्याच कागदावर लिहा.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापिका, वय ५९, रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि शाकाहारी आहे. बेइतोउच्या गरम पाण्याच्या झऱ्यांत स्नान करण्याची इच्छा आहे. एकटीने ते जमेल का? — एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : जमेल, पण आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. बेइतोउ तैपेईच्या मेट्रोवरच आहे. स्त्रियांच्या स्वतंत्र कुंडांत वस्त्रे न घालता उतरण्याची रीत आहे. संकोच वाटत असल्यास पोहण्याचा पोशाख आवश्यक असलेले सार्वजनिक कुंड निवडावे. आपल्यासाठी बंद खोलीतील खासगी कुंडापेक्षा ते अधिक बरे, कारण भोवळ आली तर शेजारी कोणीतरी असते. जेवल्याबरोबर उतरू नये, काही मिनिटांनी बाहेर येऊन पाणी प्यावे आणि उठताना कठडा धरून सावकाश उठावे. जेवणाची चिंता फारशी नको. बौद्ध परंपरेमुळे शाकाहारी खाणावळी पुष्कळ आहेत आणि त्यांतील अनेक ठिकाणी कांदा-लसूणही वर्ज्य असतो. गोळ्या मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातील पिशवीतच ठेवाव्यात.